उबाळ्यांची नऊ शून्यं

सीताराम उबाळे यांच्याबद्दल मोहन्यात कुणालाही विचारा, माणूस आधी हसणार आणि मग बोलणार. त्याला कारणही तसंच आहे. या गृहस्थाने रेयॉनच्या कारखान्यात एकतीस वर्षं नोकरी केली, आणि नोकरीत काय केलं, तर हवा मोजली. खोटं नाही सांगत. धागा गुंडाळायच्या खात्यात हवा जरा कोरडी झाली की धागा तटातटा तुटायचा, म्हणून दर दोन तासांनी हवेत ओल किती आहे ते बघायला एक माणूस ठेवलेला असे. तो माणूस म्हणजे सीताराम. त्याचं यंत्रही मजेशीर. एका लाकडी पट्टीत दोन थर्मामीटर, त्यातल्या एकाच्या बुडाला मलमलची ओली चिंधी. मूठ धरून ते गरागरा फिरवायचं आणि दोन्ही आकडे वाचायचे. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडतं, ओला थर्मामीटर थंड पडतो आणि दोन आकड्यांतलं अंतर वाढतं. एवढीच विद्या. कारखान्यात सगळे त्या यंत्राला भिरभिरं म्हणायचे, आणि सीतारामला म्हणायचे, उबाळ्या हवा खातो आणि पगार घेतो.

यावर तो कधी चिडला नाही. चिडायचा तो एकाच गोष्टीवर. दुसऱ्या पाळीचा एक महाभाग चहा प्यायला जायचा आणि आल्यावर मागचाच आकडा पुढच्या रकान्यात उतरवून मोकळा व्हायचा. सीतारामने त्याच्याशी दोन वर्षं अबोला धरला. साहेबांनी मध्यस्थी केली तर त्यांनाही सुनावलं, "आकडा बघितला नसेल तर मी रकाना मोकळा ठेवीन साहेब, पण मनाने भरणार नाही." नाकावर माशी बसू देणार नाही असा माणूस, आणि तोही हवेच्या आकड्यांसाठी. आता बोला.

पुढे कारखाना बंद झाला. लोक आपापल्या वाटेने गेले, सीताराम भिरभिरं घेऊन घरी आला. बायको मीराबाई आजही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "लोकांनी आठवण म्हणून फोटो आणले, आमच्यांनी हे आणलं."

दोन वर्षांपूर्वी मुलगा प्रशांत याने मोबाईलवर एक जाहिरात बघितली. घोडबंदर रोडवरच्या एका संस्थेला ठाण्यापासून बदलापूरपर्यंत पाऊस मोजणारी माणसं हवी होती. बाबा घरात बसून सगळ्यांना हैराण करताहेत, त्यापेक्षा हे बरं, म्हणून त्याने अर्ज भरून टाकला. आठ दिवसांत आसावरी नावाची मुलगी आली. डोंबिवलीची, चष्मा लावणारी, पावसावर पीएच.डी. करणारी. तिने इमारतीच्या गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. म्हणजे जाड प्लास्टिकचं नळकांडं, वर नरसाळं, आत मोजायच्या रेघा. असे बेचाळीस डबे बेचाळीस घरांवर लावलेले. रोज सकाळी साडेआठला बघायचं आणि आकडा मोबाईलवरून पाठवायचा, एवढंच काम. बिनपगारी. सीतारामला इतका आनंद झाला की मीराबाईला वाटलं, पुन्हा नोकरी लागली की काय.

पण नुसता पाऊस मोजून या माणसाचं पोट कुठलं भरायला. ढग भरून आले की हा भिरभिरं घेऊन गच्चीवर हजर. पाऊस पडो न पडो, ओल्या-कोरड्याचे आकडे वहीत लिहायचे आणि शेजारी एक ओळ. ‘पश्चिमेकडून आलं, गार वारा, पाऊस नाही.’ संस्थेने हे मागितलेलं नव्हतं, म्हणून त्याने ते पाठवलंही नाही. वही घरातच राहिली.

यंदाच्या मे महिन्यात एका सोमवारी संस्थेकडून मेसेज आला. सीतारामने तो दोनदा वाचला आणि मग मीराबाईला मोठ्याने वाचून दाखवला. आपल्या केंद्रावरील नऊ दिवसांच्या नोंदी रडारशी जुळत नाहीत. रडारवर पाऊस असताना आपण शून्य कळवले आहे. निरीक्षक जागेवर हजर नसावा, असे दिसते. सबब नोंदी रद्द करून यंत्र परत घेण्यात येईल.

"म्हणजे काय ओ?" मीराबाईने विचारलं.

"म्हणजे मी न बघता आकडे लिहितो, असं म्हणतायत," सीताराम म्हणाला आणि त्याने मोबाईल पालथा ठेवला. एकतीस वर्षं लोकांनी हवेवरून थट्टा केली, ती त्याने हसत पचवली. हे काही पचेना. यंत्र न्या, खुशाल न्या, पण जाताना असा डाग लावून नेऊ नका. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने इस्त्रीचा शर्ट चढवला, वही पिशवीत घातली, ठाण्यात जाऊन बस धरली आणि घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास मनातल्या मनात भाषणाची तयारी केली.

संस्था चौदाव्या मजल्यावर. तिच्या गच्चीवर पांढरा घुमट, त्यात रडार. आसावरीने त्याला बघितलं आणि ती खुर्चीतून उठलीच. "काका, तो मेसेज कॉम्प्युटर आपोआप पाठवतो. मी नाही लिहिलेला."

"कुणी का लिहिना मॅडम. मी त्या नऊ दिवशी डबा बघितलेला आहे. रिकामा होता. मग तुमच्या रडारला पाऊस दिसला कसा?"

तिने कागदावर एक तिरपी रेघ काढली. रडार इथून लाटा सोडतं, त्या पावसाच्या थेंबांवर आपटून परत येतात. पण मोहन्यापर्यंत पोचेस्तोवर ती लाट जमिनीपासून किलोमीटरभर वर गेलेली असते. "म्हणजे आम्हाला दिसतो तो वरचा पाऊस. तिथून खाली येईपर्यंत हवा कोरडी असेल तर थेंब वाटेतच वाळून जातात. किती वाळतात, कधी वाळतात, तेच तर आम्ही शोधतोय."

"मग मी तेच लिहून पाठवलंय ना," सीताराम म्हणाला.

त्याने पिशवीतून वही काढली आणि ओल्या-कोरड्याच्या आकड्यांचं पान उघडून आसावरीपुढे धरलं. मग तिने त्याच्या हातातली वही ओढूनच घेतली. पानं उलटता उलटता तिचा चेहरा बदलत गेला. कोरडा सदतीस, ओला चोवीस. कोरडा छत्तीस, ओला चोवीस. तीन दिवसांच्या आकड्यांशेजारी एकच ओळ होती. ‘ढगाखाली झालर दिसते, पण जमिनीला टेकत नाही.’ ती वही घेऊन तशीच धावत मुकुल सरांच्या खोलीत गेली, आणि तिच्यामागे हाही.

मुकुल सर या सगळ्या कामाचे प्रमुख. सभ्य माणूस, बसा म्हणाले, पाणी दिलं. वही चाळली आणि अगदी शांतपणे म्हणाले, "छान ठेवलीय वही. पण कागदावर कुणीही काहीही लिहू शकतं, उबाळे. मी हे शोधनिबंधात कुठल्या तोंडाने घालू?" सीतारामने वहीबरोबर तयार केलेलं भाषणही पिशवीत घातलं.

बाहेर आल्यावर आसावरीने नऊही दिवसांची रडारची चित्रं काढली आणि एकावर बोट ठेवलं. बुद्ध पौर्णिमेचा दिवस. मोहन्यावर सगळ्यांत जोराचा पाऊस त्याच दुपारी दिसत होता, आणि डब्यात शून्य. "या दिवशी भिरभिऱ्याचे आकडे नाहीत?"

"मी कोपरीला लेकीकडे गेलेलो, अमृताकडे. सकाळी आलो तेव्हा डबा बघितला. मधला रकाना म्हणूनच मोकळा आहे."

"असू दे. ही सर खाली आली असती तर मोहन्यात कुणाला तरी आठवेलच. एवढा मोठा पाऊस आणि खाली थेंब नाही, हे एक जरी सरांना पटलं ना काका, तर बाकीची आठही मानतील. डबाही राहील."

सीताराम घरी आला तो हवेत तरंगत. येताना जिलबी घेऊन आला, मजल्यावर सगळ्यांना वाटली आणि घुमट, रडार, चौदावा मजला असं साग्रसंगीत वर्णन सुरू झालं. शेजारची शकू जिलबी खात ऐकत होती. बुद्ध पौर्णिमेचं नाव निघालं तशी ती म्हणाली, "त्या दिवशी? भाऊजी, त्या दिवशी तर पावसाची सर आलेली. पाचच मिनिटं, पण आली. माझे उडदाचे पापड गच्चीवर होते. घाईत मोठं प्लास्टिक टाकलं, त्यात तुमचा डबापण झाकला गेला. सकाळी सात वाजता पाणी ओतून प्लास्टिक काढलं."

सीतारामच्या हातातली जिलबी हातातच राहिली. डबा रिकामा होता हे खरं. त्याने तो बघितला हेही खरं. पण शून्य खोटं होतं.

शकू बिचारी घाबरली. "मी काही चुकीचं केलं का?"

"तू पापड वाचवलेस," तो म्हणाला, "माझंच लक्ष नव्हतं." आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. त्याच्या मनात काय चाललं होतं ते सांगायला नकोच. गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. शकू काही शोधनिबंध वाचणार नव्हती. बोललं तर संपलंच, मुकुल सर म्हणणार, बघा, मी सांगत होतो. एका शून्याबरोबर उरलेली आठही गटारात जाणार, आणि ती तर शंभर नंबरी खरी होती. दहा मिनिटं मीराबाईने वाट बघितली आणि मग मोबाईल त्याच्यापुढे ठेवला. "फोन करा. तुम्हाला जेवण जाणार नाही आणि मला तुमचं हे तोंड बघत बसायला लागेल."

त्याने फोन केला, सगळं सांगितलं. आसावरीने तारीख पुन्हा विचारून घेतली. मग म्हणाली, "सरांना सांगावं लागेल, काका." अर्ध्या तासाने तिचाच मेसेज आला. शनिवारी डबा काढायला येते. सॉरी.

शनिवारी दुपारी तीन वाजता ती पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आली. मीराबाईने पोहे केले. सीताराम म्हणाला, आधी खाऊन घ्या मॅडम, डबा काही पळून जात नाही. दोघं गच्चीवर गेले तेव्हा पश्चिमेकडून काळा ढग चढत होता. शकू आपल्या कुरडया गोळा करत होती. यावेळी तिने प्लास्टिक डब्यापासून हातभर लांब ठेवलं आणि सीतारामला ते दाखवलंसुद्धा. आसावरी पान्याने पहिला बोल्ट सैल करतेय तोच तिचा फोन वाजला. मुकुल सर, चौदाव्या मजल्यावरून. त्यांनी सहज रडार बघितलं होतं.

"काढलास का डबा?"

"नाही सर. एक बोल्ट सैल केलाय."

"थांब जरा. तुझ्या डोक्यावर आत्ता पाऊस आहे. चांगला दणदणीत, तासाला वीस मिलिमीटरच्या हिशेबाने. भिजतेयस ना?"

आसावरीने हात पुढे केला. हात कोरडा ठणठणीत. तिने वर बघितलं. ढगाच्या खालून करड्या दशा लोंबत होत्या आणि त्या अर्ध्या वाटेवर विरून जात होत्या. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि वळून बघते तर सीताराम गच्चीवर नाही. पायऱ्यांवर धडधड आवाज झाला आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस भिरभिरं घेऊन परत वर आला. धाप लागली होती, पण चिंधी ओली करून आणलेली.

गरागरा फिरवलं. "कोरडा अडतीस, ओला पंचवीस."

पाच मिनिटांनी पुन्हा. "कोरडा पस्तीस. ओला पंचवीस."

कुठून तरी गार वारा आला, शकूचं प्लास्टिक फडफडलं. "कोरडा बत्तीस, ओला पंचवीसच."

फोनमधून मुकुल सरांचा श्वास ऐकू येत होता. "ओला हलत नाहीये?"

"नाही सर. कारखान्यात फवारे सोडले की असंच व्हायचं. पाणी हवेत उडतं, हवा गार पडते, कोरडा उतरतो. ओला हलत नाही. वर फवारा चालू आहे बघा."

आसावरी मटकन पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसली आणि हसायलाच लागली. मुकुल सरही आता पहिल्यासारखे शांत राहिले नव्हते. म्हणाले, "उबाळे, इकडे रडारवरून पाऊस पुढे सरकलाय. फक्त शेवटचं सांगा. खाली काहीही नाही, बरोबर? मी शून्य टाकतो. माझ्यासमोर झालंय, आता कुणी शंका घेणार नाही. तुमची बाकीची आठही मी मानतो."

गच्चीवर सगळे सीतारामकडे बघत होते. हवं होतं ते समोर चालून आलेलं. त्याने फक्त हो म्हणायचं होतं.

"शून्य नाही सर," तो म्हणाला. "अकरा थेंब पडले."

"काय?"

"अकरा. आठ लादीवर, दोन माझ्या हातावर, एक मॅडमच्या चष्म्यावर. डब्यात एकही गेला नाही, म्हणून डब्याच्या रकान्यात शून्य लिहा. पण खाली काहीच नाही असं लिहू नका. ते खोटं होईल."

शकूने कपाळाला हात लावला. आसावरीने चष्मा काढून बघितला. होता, एक थेंबाचा डाग होता.

मग मुकुल सरांनी विचारलं, "आधीच्या आठ दिवशी असे थेंब पडले होते?"

"दोनदा. वहीत समासात लिहिलंय. एकदा तीन. एकदा अंदाजे वीस. मोजताना हिने चहाला हाक मारली म्हणून अंदाजे."

"म्हणजे आता माझ्यावर आलं," मीराबाई जिन्यातून म्हणाली. ती केव्हा वर आली होती कुणाला कळलं नव्हतं.

मुकुल सर आधी हसले, मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आसावरी, तो बोल्ट आवळ. आणि मला सांग, रडारवर पाऊस आणि डब्यात शून्य असेल तर नोंद रद्द कर, हा नियम कॉम्प्युटरला कुणी घातला?"

"आपणच, सर. पहिल्या वर्षी. चुका गाळायला."

"आपण जे शोधतोय तेच दोन वर्षं गाळून फेकत होतो की मग. बेचाळीस डब्यांचं." सीतारामला त्यांची दयाच आली. इतकी शिकलेली माणसं, बिचारी.

सोमवारी नियम काढला. गाळलेली शून्यं परत तपासायला घेतली तर ती निघाली दोनशेच्या वर. पण एक पंचाईत झाली. असेच मेसेज आणखी सहा जणांना गेलेले होते, आणि त्यांतल्या तिघांनी रागाने मोजणं सोडून दिलं होतं. आसावरीने फोन केले तर दोघे आले, तिसरा तिचा नंबर बघून उचलेचना. हे त्र्यंबकराव. डोंबिवलीतले निवृत्त गणिताचे शिक्षक, डबा स्वतः रिक्षाने संस्थेत नेऊन आपटून आलेले. शेवटी ती सीतारामला म्हणाली, "काका, तुम्हीच बोला. तुमचं ऐकतील."

"शिक्षक माणूस, माझं कशाला ऐकेल?" असं म्हणत सीतारामने नंबर फिरवला. पलीकडे खणखणीत आवाज आला, "कोण बोलतंय?"

"जय भीम सर. मी सीताराम उबाळे, मोहन्याहून. मीपण पाऊस मोजतो. मलापण तो मेसेज आलेला."

पलीकडून जरा रुक्षपणे, "बरं. मग?"

"मग काही नाही सर. चूक त्यांची होती, आपली नाही. पाऊस वर पडायचा आणि खाली येईतो वाळायचा. तुमची शून्यं खरी होती. सगळी. त्यांनी ती परत नोंदीत घेतली आहेत."

त्र्यंबकरावांचा आवाज आला, पण तो मघाचा खणखणीत आवाज नव्हता.

"उबाळे, एक मिनिट थांबाल? मी बायकोला, सुमतीला, बोलावतो. मी डबा न बघताच आकडे लावतो, असं तिलासुद्धा वाटायला लागलेलं. तिला हे तुमच्या तोंडून ऐकू दे."

सीताराम थांबला. पलीकडे हाका, मग चपलांचा आवाज, मग एक बाई म्हणाल्या, "हॅलो, बोला." त्याने घसा साफ केला आणि सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, जरा मोठ्याने, म्हणजे त्यांच्याशेजारी उभ्या असलेल्या त्र्यंबकराव सरांनाही पुन्हा एकदा ऐकू जाईल.